धीर, स्त्रीलिंगी

शनिवारी दुपारची जेवणं आटोपली की आई ओटा पुसायची, हात कोरडे करायची आणि ब्रेडच्या डब्यावरून लाल पेन्सिल खाली काढायची. कॉव्हेंट्रीतल्या माझ्या वर्गमैत्रिणी त्या वेळी टाउनमध्ये हिंडत असत आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एक पान मराठी लिहीत असे. मी तीन वर्षांची असताना आम्ही नगरहून इथं आलो. त्यामुळे मला मराठी सगळं कळायचं, बोलताही यायचं, पण लिंगांशी माझं कधी जमलं नाही. ती चमचा, तो खुर्ची, ते पाऊस. चमच्याला तरी कुठं कळतं तो बाई आहे की बाप्या, असा माझा युक्तिवाद असे. "चमच्याला नाही कळत, पण ऐकणाऱ्याला कळतं ना, सुवार्ता," असं म्हणून आई चुकीच्या शब्दाभोवती लाल गोल काढायची. नर्सिंगला जाण्याआधी तिनं नगरच्या मिशनच्या शाळेत दोन वर्षं मराठी शिकवलं होतं आणि ती शिक्षिका तिच्यातून कधी गेलीच नाही. वॉर्डातल्या गोऱ्या नर्सेससुद्धा तिला वचकून असत म्हणे.

सुवार्ता म्हणजे मी. शाळेत माझी 'सू' झाली होती, पण घरी पूर्ण नाव. आमच्या घराण्यात सगळी अशीच नावं. आईच्या बहिणी दया आणि कृपा, मामा शांतवन, माझा धाकटा भाऊ आशिष. दयामावशी इतकी तापट, की तिच्या नावाची सगळे मागून चेष्टा करत. पप्पांची एक आत्या होती, तिचं नाव विश्वासी, आणि तिच्या हाती साखरेचा डबासुद्धा कुणी देत नसे. नगरकडच्या आम्हा ख्रिस्ती लोकांत हे चालायचंच. मूल झालं की शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायचं आणि एखादा चांगला गुण उचलून त्याच्या कपाळी मारायचा. मग तो गुण आणि ते मूल आयुष्यभर एकमेकांकडे संशयानं बघत राहतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते या आमच्या खोडीमुळेच झालं.

पप्पा हॉस्पिटलात डॉक्टर होते. माणूस शांत, आवाज गोड. रविवारी सकाळी आई मटणाचं वाटण करत असायची, काळ्या मसाल्याचा वास पडद्यांत शिरायचा, आणि पप्पा पेटी काढून भजन म्हणायचे. शेजारच्या बाई भिंतीवर ठोकायच्या, तर पप्पा म्हणायचे, "बघा, ताल धरतायत." पण देवाच्या कामाबद्दल बोलायला लागले की त्यांचा चेहरा बदलत असे. त्यांचे आजोबा नगरला अमेरिकन मिशनरींच्या बंगल्यावर स्वयंपाकी होते आणि तिथंच ख्रिस्ती झाले. त्या बंगल्यातल्या मडमेनं आपला सहा वर्षांचा मुलगा शिक्षणासाठी बोटीनं अमेरिकेला धाडला होता. पुढं नऊ वर्षं तो तिला दिसला नाही आणि नऊ वर्षं तिनं जेवणाच्या टेबलावर रोज त्याचं ताट मांडायला लावलं. पणजोबा ते रिकामं ताट मांडायचे आणि जेवण झालं की न खरकटलेलं ताट धुवायचे. ही गोष्ट पप्पा आम्हाला भक्तीचा नमुना म्हणून सांगत. मला ऐकताना दर वेळी थंडी वाजायची. धुतलेलं ताट पुन्हा का धुवायचं, एवढंच मला विचारायचं असे.

त्या मिशनरींचे पूर्वज म्हणे इंग्लंडातल्या साध्या, बिनक्रॉसच्या, बिनमेणबत्त्यांच्या चॅपलांतून अमेरिकेला गेले होते. म्हणून आम्ही घराजवळचं मोठं चर्च सोडून, दर रविवारी दुपारी दोन बस बदलून, फिती विणणाऱ्यांच्या एका जुन्या गावातल्या चॅपलला जात असू. "आपल्या मंडळीचं हे आजोळ आहे," असं पप्पा म्हणत; मंडळी म्हणजे एका चर्चची सगळी माणसं. आजोळी दहा-बारा माणसं उरली होती आणि आम्ही चौघं सोडलो तर एकही साठीच्या खालचं नव्हतं. विटांची बसकी इमारत, आत पांढऱ्या भिंती, आणि बसायला दारं असलेली उंच लाकडी बाकं. एकदा आत बसून कडी लावली की शेजारच्याचं फक्त टाळकं दिसावं. बाहेर कितीही ऊन असो, आत तळघरासारखा गारवा असायचा. चॅपलची किल्ली मिस ऑर्टन नावाच्या एका बाईंकडे असे. त्यांच्या आईकडे ती होती, आईच्या आईकडेही होती. चॅपलला चिकटून असलेल्या घरात त्या एकट्या राहत आणि आम्हाला बघितलं की मनापासून हसत.

डावीकडच्या भिंतीशी एक बाक होतं, तिथं कुणी बसत नसे. त्याच्या वर संगमरवरी पाटी होती आणि शेजारी काचेच्या चौकटीत एका जुन्या पत्राची नक्कल. पाटी जोसाया वेल्बी नावाच्या पाळकांची, म्हणजे पाद्र्यांची. हे वेल्बी याच गावचे. अमेरिका अजून इंग्लंडच्या राजाची होती तेव्हा बायको-मुलांसह ते तिकडं गेले, रानात एक छोटी मंडळी उभी केली, आणि स्वातंत्र्याची लढाई पेटली तेव्हा व्यासपीठावरून राजाविरुद्ध प्रार्थना केली. सैनिकांनी त्यांचं घर जाळलं. दोन्ही मुलगे लढाईत गेले. बायको त्या हायेनं गेली. ते स्वतः कैदेत खंगले. पाटीवर लिहिलं होतं, की त्यांनी सर्वस्व दिलं आणि स्वतःपाशी काही राखलं नाही. पप्पा त्या पाटीसमोर दर रविवारी उभे राहत. मला मात्र पाटीपेक्षा खालच्या बाकाकडे बघावंसं वाटे, कारण त्यात दर रविवारी पाय टेकायचं एक चिमुकलं स्टूल मांडलेलं असायचं. एकदा मी मिस ऑर्टनना विचारलं, हे कुणासाठी? त्या गोंधळल्या. "माझी आई मांडायची," त्या म्हणाल्या. "तिची आईही मांडायची. का ते कुणी सांगितलं नाही, आणि मी न मांडता एक रविवार काढून बघितला होता. परत नाही तसं करणार."

आणि ती थांबायची रीत. लांब प्रार्थनेत आजारी माणसं झाली, राणी झाली, की पाळक मध्येच गप्प व्हायचे. सात-आठ श्वास होतील इतका वेळ. चॅपलची माणसं त्याला 'द वेट' म्हणत. वेल्बी राजद्रोही ठरले, तेव्हा त्यांचं नाव प्रार्थनेत घेणं धोक्याचं झालं. म्हणून नावाच्या जागी मंडळी गप्प राहू लागली, आणि दोनशे वर्षं झाली तरी तशीच गप्प राहत होती. त्या शांततेत मी पहिल्यांदा तो आवाज ऐकला. ठक्. मग थोडं थांबून, ठक्. ज्याचे पाय जमिनीला पुरत नाहीत असं मूल कंटाळून लाकडावर टाच आपटतं, तसा. मी डोळे उघडून आशिषकडे बघितलं. तो बाकावर मांडी घालून बसला होता. घरी जाताना बसमध्ये पप्पांना सांगितलं, तर ते म्हणाले, "जुनं लाकूड आहे, वाजतं." खरंच आहे, वाजतं. पण ते लाकूड फक्त पाळक गप्प झाल्यावरच वाजायचं.

ज्या उन्हाळ्याबद्दल मी लिहिते आहे, त्या उन्हाळ्यात इंग्लंडात पाऊस पडायचा विसरला. बागेला पाणी घालायला बंदी आली, लोक आंघोळीचं पाणी बादलीनं काढून गुलाबांना घालू लागले. आई खूश. "आता कळेल यांना पाणी काय असतं ते," असं ती म्हणायची आणि तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीत ओतायची. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला तेव्हा दोनशे वर्षं होत होती आणि वेल्बींच्या गावाहून काही अमेरिकन पाहुणे चॅपलला यायचे होते. त्याच सुमारास नगरजवळच्या एका मिशन हॉस्पिटलातून पप्पांना पत्र आलं. तिथले डॉक्टर सोडून गेले होते. दुसरं कुणी यायला तयार नव्हतं. पप्पांनी ते पत्र तीन दिवस खिशात ठेवलं आणि चौथ्या दिवशी जेवताना टेबलावर ठेवलं.

"मी हो म्हटलंय," ते म्हणाले. "सप्टेंबरात निघायचं."

मला आनंदच झाला. मी विमानात खिडकी मागून टाकली. तेव्हा आई उठून सिंककडे गेली आणि नळ सोडून तशीच उभी राहिली. पाण्याच्या टंचाईत नळ सोडून, ती.

"सू बेटा, तू नाही यायचंस," पप्पा म्हणाले. "ओ-लेव्हल्सच्या परीक्षा दोन वर्षांवर आल्यात. तिकडं इंग्लिश स्कूल नाही, हॉस्टेल परवडणार नाही, आणि तुझं मराठी असं. आशिष लहान आहे, रुळेल. मिस ऑर्टनशी बोललोय मी. त्या तुला ठेवून घ्यायला तयार आहेत. त्यांची वरची रूम रिकामीच आहे."

"किती दिवस?" मी विचारलं.

"एक्झाम्स होईपर्यंत. मग कॉलेज. मग बघू. देवाचं काम आहे, बेटा. काहीतरी द्यावंच लागतं."

मी आईकडे बघितलं. तिची पाठच दिसत होती. मला इतका राग आला, की मी समोरची आमटी तशीच टाकून वर गेले. राग पप्पांचा नव्हता, देवाचाही नव्हता. आईच्या पाठीचा होता. पन्नास वर्षांनी लिहितानाही तो राग हाताला लागतो. पप्पा वाईट नव्हते हो. त्यांना वाटत होतं, आपण मडमेच्या आणि वेल्बींच्या पंगतीला बसतो आहोत. आणि जो माणूस द्यायला निघतो, त्याला आपण नक्की कुणाचं देतो आहोत हे दिसेनासं होतं.

पुढच्या शनिवारी मिस ऑर्टननी मला खोली दाखवली. पांढरी चादर ताणून घातलेला पलंग, कपाटात लॅव्हेंडरची पिशवी, खिडकीखाली चॅपलचं कबरस्तान. "इथं तुला आवडेल," त्या म्हणाल्या. "या खोलीत पूर्वीही एक मुलगी राहायची." कोण, असं विचारलं तर त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "फार पूर्वी. आई म्हणायची, ती खिडकीतच बसून असायची. कोण ते मला माहीत नाही गं." मी खिडकीतून खाली बघितलं. उन्हानं सगळं गवत वाळून पिवळं पडलं होतं. दगड पडलेल्या, मातीत गेलेल्या जुन्या कबरींच्या खुणा त्या पिवळ्यातून वर आल्या होत्या. जिथं कधीतरी खोल खणलं होतं, तेवढंच गवत हिरवं राहिलं होतं. एकेक माणूस निजेल एवढ्या फिकट हिरव्या पट्ट्या. आणि भिंतीशी, त्या बाकाच्या बरोबर मागे, एक गर्द हिरवी चौकट होती, इतरांच्या निम्मी. तिच्यावर ना दगड, ना नाव. मी खाली उतरून ती पावलांनी मोजली. माझी सहा पावलंही भरली नाहीत. उकाडा असा होता की पक्षीसुद्धा गप्प होते, आणि त्या चौकटीतलं गवत ओलं होतं. तेवढं नवल मी अजून कुणाला पटवू शकलेली नाही.

त्याच संध्याकाळी पप्पांनी मला वेल्बींच्या पत्राची इंग्रजी नक्कल दिली. त्याचं मराठी करून नगरच्या मंडळीला धाडायचं होतं. खरं सांगायचं तर मला माझ्या वाट्याचा त्याग समजावून सांगायची ती त्यांची पद्धत होती. पत्र लहान होतं. जुन्या रिवाजाप्रमाणे त्यात प्रत्येक मोठ्या गोष्टीचं पहिलं अक्षर मोठं काढलेलं. घर, मुलगे, तुरुंग, कृपा, सगळंच. वेल्बी लिहितात, की घर गेलं, मुलगे गेले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आणि शेवटी एक ओळ, की माझी पेशन्स तुमच्यापाशी ठेवून आलो आहे, मी येईपर्यंत सांभाळा. या ओळीवर त्या चॅपलमध्ये दोनशे वर्षं प्रवचनं झाली होती. माणसानं सगळं गमावलं तरी धीर कसा राखावा, त्यात परस्परांना कसं सामील करून घ्यावं, वगैरे. मी डिक्शनरी काढली, पेशन्स म्हणजे धीर असं बघितलं आणि लिहून टाकलं. रविवारी उपासनेला जायच्या आधी आईनं पेन्सिल काढली.

"'माझी धीर तुमच्यापाशी ठेवली आहे, तिला सांभाळा,'" तिनं वाचलं. "अगं, धीर तो असतो. माझा धीर. त्याला सांभाळा. 'तिला' कुठून आणलंस?"

"मला ती मुलगी वाटली."

"कोण मुलगी?"

"पेशन्स. दयामावशीसारखं नाव. गुण नाही, माणूस."

पप्पा खळखळून हसले. "अरे वा! दोनशे वर्षांत एवढ्या मोठमोठ्या पाळकांना कळलं नाही ते आमच्या सूला कळलं. व्हर्च्यू आहे ती, बेटा, व्हर्च्यू. आपल्याकडं ठेवतात तशी नावं सगळीकडं नसतात."

आईही हसली आणि तिनं दोन लाल गोल काढले. वर सुवाच्य अक्षरात 'माझा' आणि 'त्याला' असं लिहिलं. मला रडू आलं, ते चूक निघाली म्हणून नाही. मी 'ती' लिहिलं होतं आणि दोघांनी मिळून ती पुसली होती, असं काहीतरी मला वाटलं. तेव्हा हे सांगता आलं नसतं, आजही धड येत नाही.

अमेरिकन पाहुणे आले त्या रविवारी चॅपल बऱ्याच वर्षांनी भरलं. फुलाफुलांचे शर्ट, कॅमेरे, मोकळी हसणी. आशिष सोडला तर सगळ्यांत लहान म्हणून पत्र मी वाचायचं ठरलं होतं. आई आशिषला घेऊन डावीकडं, त्या रिकाम्या बाकाच्या लगेच मागं बसली. आशिष उकाड्यानं तिच्या मांडीवर झोपून गेला होता. मी पुढं जाऊन पत्र वाचलं. मग मी तिथंच, पाळकांच्या शेजारी, डोळे मिटून उभी राहिले आणि लांब प्रार्थना सुरू झाली. आजारी माणसं झाली. राणी झाली. पाळक थांबले.

ठक्.

पाहुण्यांपैकी एकानं घसा साफ केला.

ठक्. ठक्. आता जरा जोरात, जरा हट्टानं.

आणि त्या शांततेत माझ्या आईचा आवाज आला. हळू, पण वर्गात वापरतात तसा. "सुवार्ता, पाय हलवू नकोस गं."

आवाज थांबला. लगेच, दटावल्यावर पोर थांबतं तसा.

मी डोळे उघडले. आईनंही उघडले. तिची नजर आधी समोरच्या रिकाम्या बाकाकडं गेली, मग मांडीवर झोपलेल्या आशिषकडं, मग वर माझ्याकडं. मी तिच्यापासून वीस पावलांवर उभी होते, जमिनीवर, दोन्ही पाय जुळवून. आईचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर तसा कधी पाहिला नाही. तिनं मरणं पुष्कळ बघितली होती, ती घाबरणारी बाई नव्हे. ती घाबरली नव्हती. तिला कुणीतरी ओळखीचं दिसल्यासारखं वाटत होतं. पाळकांनी पुढची प्रार्थना म्हटली, आमेन झालं, आणि पप्पा मान खाली घालून बसलेलेच होते. त्यांनी काही ऐकलं नव्हतं. पुढंही ते कायम हेच म्हणत.

नंतर बाहेर, भिंतीच्या सावलीत, चहा आणि काकडीची सँडविचेस होती. पाहुण्यांतली एक म्हातारी बाई, गळ्यात चष्मा लटकलेला, हातात कागद घेऊन मिस ऑर्टनकडं आली. तिच्या घरात वेल्बींच्या जुन्या बायबलचं, घरातल्या सगळ्यांची नावं लिहिलेलं पहिलं पान होतं, त्याची नक्कल तिनं आणली होती. "तुम्ही सगळं किती छान जपलंय," ती म्हणाली. "पण लहान मुलीचं कुठं काही दिसलं नाही."

"कुठल्या मुलीचं?" मिस ऑर्टन म्हणाल्या.

"पेशन्स. दोन मुलगे आणि ही. निघताना तिला ताप होता, बोट थांबेना, म्हणून सहा वर्षांची पोर त्यांनी इथल्या मंडळीकडं ठेवली. आमच्याकडं एवढंच लिहिलंय. न्यायला यायचं होतं, मग लढाई झाली. तिचं पुढं काय झालं?"

मिस ऑर्टननी हातातली बशी गवतावर ठेवली आणि चॅपलच्या दाराकडं बघत राहिल्या. मग आई पुढं झाली. तिनं त्या अमेरिकन बाईचा हात धरला, कबरस्तानात भिंतीपर्यंत नेलं आणि ती हिरवी चौकट दाखवली. आईला ती चौकट कुणी दाखवली होती, मला माहीत नाही. मी तर दाखवली नव्हती. मग आई खाली बसली आणि गवतावरून हात फिरवला, ताप बघतात तसा पालथा.

बसस्टॉपवर आम्ही चौघंच होतो. पप्पा म्हणाले, विलक्षण योगायोग आहे, नगरला लिहायला हवं. आईनं आशिषला माझ्याकडं दिलं.

"अहो, मी तिला इथं ठेवणार नाही," ती म्हणाली.

"कुणाला?"

"सुवार्ताला. ती आपल्याबरोबर येईल, नाहीतर मीही येणार नाही. तुम्ही एकटे जा आणि देवाची सेवा करा."

"सगळं फायनल झालंय. तिचं करिअर आहे. लोक एवढं करतात. त्या माणसानं सर्वस्व दिलं—"

"त्यानं ती पण दिली हो!" आई ओरडली. रस्त्यावर, मराठीत. "दिली, आणि कुणाला कळूही दिलं नाही. पाटीवर दोन मुलगे लिहिलेत. तिचा धीर झाला! माझ्या पोरीचा धीर नाही होऊ देणार मी."

बस आली. पप्पा खालीच बसले, आम्ही तिघं वर गेलो. घर येईपर्यंत आईनं माझा हात सोडला नाही, आणि तो इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशीही दुखत होता.

आम्ही सप्टेंबरात निघालो, चौघं. निघायच्या आधी पाऊस आला होता. मिस ऑर्टनना भेटायला गेलो तेव्हा कबरस्तान सगळंच हिरवं झालं होतं आणि ती चौकट कुठं होती ते मलाही नेमकं दाखवता आलं नाही. नगरला मला पहिली दोन वर्षं जड गेली. ओ-लेव्हल्स राहिल्या त्या राहिल्याच. शाळेत मुली माझ्या 'तो खुर्ची'वर पोट धरधरून हसत. पप्पा मला म्हणत, "तुझं नुकसान झालं, सू." ते खरंच होतं आणि मी कधी नाकारलं नाही. पण संध्याकाळी हॉस्पिटलातून ते दमून यायचे, पायरीवर बसायचे, आणि मी चहा आणून दिला की माझ्याकडं जरा जास्त वेळ बघायचे. आमच्यात त्या रविवारचं बोलणं पुन्हा झालं नाही. हे मराठी मी तिथं शिकले, रोज, धडपडत. पुढं मी नर्स होऊन परत इंग्लंडात आले. ते चॅपल आता फ्लॅट्सचं झालं आहे. एकदा मुद्दाम जाऊन बघितलं. डावीकडच्या भिंतीशी कुणाचं तरी स्वयंपाकघर होतं आणि खिडकीत तुळशीसारख्या कसल्या तरी रोपाची कुंडी. मी बाहेरच उभी राहिले, सात-आठ श्वास होतील इतका वेळ, आणि बसनं परत आले.

आई गेली तेव्हा तिचं शास्त्र माझ्या वाट्याला आलं. त्यात ते वहीचं पान होतं, मी भाषांतर केलेलं, घडीवर फाटायला आलेलं. 'माझी' आणि 'तिला' भोवतीचे लाल गोल तिनं रबरानं खोडले होते, कागदाचा तंतू निघेपर्यंत. वर लिहिलेलं 'माझा' आणि 'त्याला' पेननं काट मारून रद्द केलं होतं. त्याखाली, मुलांना घटवायला शिक्षिका लिहितात तशा ठसठशीत अक्षरात, तिनं ओळ पुन्हा लिहून काढली होती: माझी धीर. तिला सांभाळा.

माझ्या आईनं मराठीत कधी चूक केलेली मला आठवत नाही.